आरे-वारेचा जांभा ते हिमालयातली हिमनदी: गिर्यारोहणाचे बूट कसे निवडायचे?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता आरे-वारेला टेकडी चढतो. वर थांबलं की खाली सुरूच्या झाडांना लागून पसरलेले दोन किनारे दिसतात. बहुतेक जण इथे फोटो काढून पुढे निघतात. पण ज्यांना डोंगरासाठी बूट घ्यायचे आहेत, त्यांच्यासाठी हा परिसर एका वेगळ्याच कारणाने उपयोगाचा आहे. जांभ्याचा खरबरीत सडा, त्यावरचे सुटे खडे, अंगावर येणारा उतार, पाय रुतवणारी वाळू आणि लाटांनी ओले राहणारे खडक असे जमिनीचे पाच प्रकार इथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

इथे नाही ते फक्त बर्फ. आणि अडचण नेमकी तिथेच सुरू होते. दरवर्षी महाराष्ट्रातून अनेक जण हिमालयातल्या ट्रेकला, गिर्यारोहणाच्या कोर्सला किंवा पाच-सहा हजार मीटरच्या शिखरांवर जातात. त्यासाठीचे बूट ते समुद्रसपाटीजवळ, ३० अंश तापमानात, दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर उभे राहून निवडतात. तो बूट चुकीचा आहे हे कळतं, तेव्हा दुकान दोन हजार किलोमीटर मागे राहिलेलं असतं.

बुटाची चूक किती महागात पडते?

डोंगरावरच्या बुटाच्या इतिहासात दोन घटना नेहमी सांगितल्या जातात.

पहिली घटना १९३५ सालची. आल्प्समधल्या पुंता रासिका या शिखरावर इटालियन गिर्यारोहकांचा एक गट खराब हवामानात अडकला आणि त्यातल्या सहा जणांचा मृत्यू झाला. त्या काळी पायथ्यापर्यंत चालायला लोखंडी खिळे ठोकलेले जड बूट आणि प्रत्यक्ष कातळ चढायला हलके, पातळ बूट वापरायची पद्धत होती. खिळ्यांचे बूट कातळावर घसरायचे आणि पातळ बूट थंडीत निकामी ठरायचे. या मोहिमेत असलेल्या विताले ब्रामानी यांनी त्यानंतर कातळ आणि बर्फ दोन्हीवर चालेल असा रबरी सोल तयार करायचं मनावर घेतलं. पिरेली या टायर कंपनीच्या मदतीने तयार झालेल्या या खोल खाचांच्या सोलचं पेटंट १९३७ मध्ये घेण्यात आलं. ब्रामानींच्या नाव-आडनावातली अक्षरं जोडून 'व्हिब्रम' हे नाव तयार झालं. आज जगातल्या असंख्य ट्रेकिंग बुटांच्या तळाशी दिसणारा पिवळा अष्टकोनी शिक्का त्यांचाच.

दुसरी घटना १९५० सालची. मोरिस हेर्झोग आणि लुई लाशेनाल हे फ्रेंच गिर्यारोहक ३ जूनला अन्नपूर्णेच्या शिखरावर पोहोचले. आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखरावर माणूस पोहोचण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांच्या पायात चामड्याचे बूट होते. उतरताना हिमदंश झाला आणि दोघांनाही पायांची सगळी बोटं गमवावी लागली. हेर्झोग यांच्या हातांची बहुतेक बोटंही गेली.

आता बूट खूप सुधारले आहेत. तरी या दोन्ही घटनांमधले दोन धोके तसेच आहेत: घसरणं आणि गोठणं. त्यांना आजच्या हौशी ट्रेकरच्या बाबतीत तिसऱ्याची भर घालावी लागते, ती म्हणजे फोड येऊन किंवा सोल निघून चालणंच बंद होणं. चांगला बूट या तिन्हींपासून वाचवतो. पण एकच बूट सगळीकडे वाचवत नाही.

आधी जमीन पाहायची, मग बूट

बूट निवडताना पहिला प्रश्न 'कोणती कंपनी' हा नसून 'कोणती जमीन' हा असायला हवा.

कोकणातला जांभा हा लोह आणि ॲल्युमिनियमने समृद्ध, छिद्रांचा दगड. फ्रान्सिस बुकानन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिलं, ते विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून. कारण हा दगड खाणीतून विटेसारखा कापून काढता येतो. कोरडा जांभा बुटाला उत्तम पकड देतो. पण त्यावर बारीक, गोल खडे पसरलेले असतील तर पायाखालून ते गोट्यांसारखे सरकतात. पावसाळ्यात त्याच सड्यावर शेवाळ धरतं आणि पकड जवळजवळ संपते. शिवाय जांभ्याचा पृष्ठभाग कानशीसारखा असल्याने मऊ रबर लवकर झिजतं.

घाटमाथ्याकडे गेलं की बेसॉल्ट सुरू होतो. सह्याद्रीतले किल्ले, कातळात खोदलेल्या पायऱ्या, घसाऱ्याच्या वाटा या सगळ्यावर पाय वाकणं, चवड्यावर उभं राहता येणं आणि ओल्या दगडावर पकड मिळणं महत्त्वाचं. म्हणूनच हलके, लवचिक बूट इथे वर्षानुवर्षं लोकप्रिय राहिले. महाराष्ट्रातल्या ट्रेकरांच्या एका पिढीने कॅनव्हासचे हंटर शूज घालून सह्याद्री पालथा घातला. ते स्वस्त होते, लवकर वाळायचे आणि कातळ पायाला जाणवायचा. सह्याद्रीसाठी ती निवड चुकीची नव्हती.

हिमालयात चित्र बदलतं. हिमनदी म्हणजे पांढरंशुभ्र बर्फाचं मैदान अशी कल्पना असते. प्रत्यक्षात हिमालयातल्या अनेक हिमनद्यांचा खालचा भाग दगडगोट्यांच्या थराने झाकलेला असतो. गंगोत्री हिमनदीवर गोमुखाच्या वर चालणाऱ्याला बराच काळ बर्फापेक्षा दगडच जास्त दिसतात. हिमनदीने वाहून आणलेल्या या राशींना मोरेन म्हणतात. त्यातले दगड धारदार, सुटे आणि हलते असतात. इथे मऊ बूट घातला तर प्रत्येक दगडाची धार तळव्याला लागते आणि घोटा सतत मुरगळायला बघतो.

मोरेन ओलांडल्यावर बर्फ लागतो, आणि त्यातही प्रकार आहेत. पहाटे कडक झालेल्या बर्फात बुटाची कड मारून पायरी करावी लागते. दुपारी तोच बर्फ मऊ होऊन गुडघ्यापर्यंत पाय आत जातो आणि बूट भिजतो. उघड्या, काचेसारख्या बर्फावर तर नुसत्या रबराचा काहीच उपयोग नसतो. तिथे बुटाला क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दातांचा सांगाडा, बांधावा लागतो.

कडकपणा: बुटाचा सगळ्यात महत्त्वाचा गुण

या सगळ्या जमिनींमध्ये बुटाचा एक गुण बदलत जातो, तो म्हणजे सोलचा कडकपणा. सोल जितका कडक, तितका तो बर्फावर आणि धारदार दगडावर उपयोगी, पण सपाटीवर चालायला त्रासदायक. ब्रिटनमधून रूढ झालेल्या पद्धतीत बुटांचे या आधारावर चार गट करतात.

बी-०: हातात धरून वाकवला तर सहज वाकतो. सह्याद्री, कोकणातले सडे आणि बर्फ नसलेल्या हिमालयीन वाटांसाठी. यावर खरे क्रॅम्पॉन लावू नयेत.

बी-१: थोडा ताठ, घोट्याच्या वरपर्यंत येणारा. मोरेन, जड पाठपिशवी घेऊन लांब चाल आणि अधूनमधून येणारा बर्फाचा सोपा पट्टा यासाठी.

बी-२: वाकवायला बराच जोर लागतो. टाचेमागे क्रॅम्पॉन अडकवण्यासाठी खोबण असते. हिमनदीवरची चाल आणि पाच-सहा हजार मीटरची सोपी शिखरं यासाठी.

बी-३: सोल जवळजवळ वाकतच नाही. पुढे आणि मागे दोन्हीकडे खोबण असते. उभा बर्फ आणि तांत्रिक चढाई यासाठी.

काही कंपन्या याऐवजी ए ते डी अशी श्रेणी देतात. ए म्हणजे साध्या पायवाटेचा बूट आणि डी म्हणजे बर्फाच्या भिंती चढण्याचा. नाव काहीही असलं तरी दुकानात करायची चाचणी एकच: बुटाचं टोक आणि टाच धरून वाकवून पाहायचं, मग दोन्ही टोकं विरुद्ध दिशेला पिळून पाहायची. ओल्या फडक्यासारखा पिळला जाणारा बूट हिमनदीसाठी नाही.

क्रॅम्पॉन आणि बुटाची जोडी

क्रॅम्पॉनचेही तीन प्रकार आहेत. सी-१ पट्ट्यांनी बांधले जातात आणि थोडे लवचिक असतात. सी-२ पुढे पट्ट्यांनी आणि मागे टाचेच्या खोबणीत अडकवलेल्या खटक्याने बसतात. सी-३ दोन्हीकडे खोबणीत अडकतात. नियम सोपा आहे. क्रॅम्पॉनचा आकडा बुटाच्या आकड्यापेक्षा मोठा असू नये. बी-१ वर फक्त सी-१, बी-२ वर सी-१ किंवा सी-२, बी-३ वर तिन्ही.

हा नियम का पाळायचा? मऊ बूट प्रत्येक पावलाला वाकतो, त्याखालचा लोखंडी सांगाडा वाकत नाही. दोघांमध्ये ओढाताण होऊन क्रॅम्पॉन सैल होतो, सुटतो किंवा त्याची मधली पट्टी तुटते. उतारावर हे घडलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

क्रॅम्पॉन बुटाला नीट बसला आहे का, हे ओळखायची पद्धत अशी: पट्टे न बांधता क्रॅम्पॉन बुटावर बसवायचा आणि बूट उचलून हलकेच हलवायचा. क्रॅम्पॉन खाली पडला नाही तर माप जुळलं. ही जुळवाजुळव तंबूत, अंधारात, गोठलेल्या बोटांनी करायची नसते. शिखराच्या चढाईसाठी बहुधा मध्यरात्रीनंतर निघतात, कारण तेव्हा बर्फ कडक असतो. त्या वेळी क्रॅम्पॉन बसत नाही असं लक्षात आलं तर मोहीम तिथेच संपते.

हिवाळी ट्रेकमध्ये मिळणारे रबर आणि साखळीचे 'मायक्रोस्पाइक' हा वेगळा प्रकार आहे. ते बी-० बुटावरही चालतात आणि बर्फाळ पायवाटेवर उपयोगी पडतात. पण तीव्र उतारावर ते क्रॅम्पॉनची जागा घेऊ शकत नाहीत.

मोठ्या शिखरांवर काय घालतात?

उंची वाढते तसं तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे रत्नागिरीत ३० अंश असतील, तर केवळ उंचीच्या हिशेबाने ५,००० मीटरवर तापमान शून्याखाली जातं. त्यात उत्तरेकडचं हवामान, रात्र आणि वारा यांची भर पडते.

मनालीजवळचं सुमारे ५,२९० मीटरचं फ्रेंडशिप यासारख्या शिखरांसाठी योग्य मोसमात उबदार अस्तराचा बी-२ बूट साधारण पुरतो. सहा हजारांच्या वर बहुतेक वेळा दुहेरी बूट लागतो. यात बाहेर कडक कवच आणि आत वेगळा काढता येणारा उबदार बूट असतो. याचा मोठा फायदा रात्री कळतो. आतला बूट काढून झोपायच्या पिशवीत घेता येतो आणि पहाटे कोरडा, उबदार मिळतो. एकेरी बूट भिजला तर सकाळी लाकडासारखा गोठलेला सापडतो.

आठ हजारी शिखरांवर याच्या पुढची पायरी असते. दुहेरी बुटावर गुडघ्याखालपर्यंत येणारं गेटर जोडूनच शिवलेलं असतं. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांनाही हा प्रवास टप्प्याटप्प्याने करावा लागला. सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ जण २०१२ मध्ये एव्हरेस्टवर, दहा जण २०१९ मध्ये कांचनजुंगावर पोहोचले आणि २०२१ मध्ये संस्थेने अन्नपूर्णाही सर केलं. हेर्झोग आणि लाशेनाल यांनी बोटं गमावली तेच हे शिखर. सह्याद्रीच्या उन्हात तयार झालेल्या गिर्यारोहकांना तिथे उतरण्याआधी बर्फाचं प्रशिक्षण आणि बर्फाचे बूट दोन्हींची सवय वेगळी करून घ्यावी लागते.

चामडं, सिंथेटिक आणि वॉटरप्रूफचा घोळ

जाड चामड्याचा बूट टिकाऊ असतो, मोरेनमध्ये घासला तरी फाटत नाही आणि हळूहळू पायाच्या आकाराचा होतो. तो जड असतो आणि वाळायला वेळ घेतो. सिंथेटिक कापडाचा बूट हलका, लवकर वाळणारा, पण धारदार दगडांवर लवकर फाटणारा. हिमनदीसाठी घेताना बुटाच्या खालच्या कडेभोवती रबराची जाड पट्टी आहे का, हे पाहावं. दगडांचा आणि क्रॅम्पॉनच्या पट्ट्यांचा मार तीच झेलते.

'वॉटरप्रूफ' हा शब्द मात्र नीट समजून घ्यायला हवा. गोर-टेक्स किंवा तत्सम पडदा बाहेरचं पाणी अडवतो आणि आतली वाफ बाहेर सोडतो. ती वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. हिमालयातल्या थंड, कोरड्या हवेत हे चांगलं जमतं. कोकणच्या दमट हवेत फार कमी जमतं. त्यामुळे पाय घामानेच भिजतो. पावसाळ्यात ओढा ओलांडताना पाणी बुटाच्या वरच्या तोंडातून आत जातं, आणि मग जो पडदा पाणी आत येऊ देत नव्हता तोच ते बाहेरही जाऊ देत नाही. म्हणून बर्फासाठी वॉटरप्रूफ हवाच, पण सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकला पाणी निथळून जाणारा साधा बूट बहुधा जास्त सुखाचा.

माप: एक बोट मागे, बोटं मोकळी

सगळ्यात महागडा बूटही मापात नसेल तर निरुपयोगी. माप घेताना काही गोष्टी पाळाव्यात.

- बूट संध्याकाळी घ्यावा. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजलेले असतात, आणि डोंगरात ते सुजणारच असतात.
- डोंगरात घालणार तेच मोजे दुकानात घेऊन जावेत.
- नाडी न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवावीत. टाचेमागे हाताचं एक बोट जेमतेम जावं.
- मग टाच मागे ठोकून नाडी बांधावी. चालताना टाच बुटात वर-खाली होऊ नये. टाचेचा फोड इथूनच सुरू होतो.
- दुकानात उतरती फळी असेल तर त्यावर, नसेल तर जिन्यावर खाली उतरून पाहावं. बोटं पुढे आपटली तर बूट लहान आहे. लांब उतारावर नखं काळी पडतात ती याच कारणाने.
- दोन्ही पाय सारखे नसतात. माप मोठ्या पायाचं घ्यावं.
- भारतीय, ब्रिटिश आणि युरोपीय मापांचे आकडे वेगळे असतात, आणि एकाच आकड्याचे दोन कंपन्यांचे बूटही सारखे नसतात. ऑनलाइन घ्यायचे असतील तर पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून कंपनीचा तक्ता पाहावा आणि परत करण्याची सोय आहे याची खात्री करावी.

थंडीच्या भीतीने अनेक जण एक मोठी चूक करतात. नेमक्या मापाच्या बुटात जाड मोज्यांचे दोन थर कोंबतात. त्याने पाय उबदार होण्याऐवजी आणखी थंड पडतो. घट्ट बुटात रक्त बोटांपर्यंत नीट पोहोचत नाही आणि ऊब धरून ठेवणारी हवाही आत उरत नाही. बुटात बोटं सहज हलवता येणं ही चैन नव्हे. हिमदंशापासून वाचण्याची ती पहिली अट आहे.

बोटं आधी दुखतात, मग बधिर होतात. दुखणं थांबलं म्हणजे बरं वाटलं असं समजू नये. बधिर, पांढरी किंवा मेणासारखी दिसणारी त्वचा हा धोक्याचा इशारा आहे. अशा वेळी त्वचा बर्फाने किंवा हाताने चोळू नये, शेकोटीवर धरू नये. गटप्रमुखाला लगेच सांगून खाली उतरावं आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

आरे-वारेला बुटाची परीक्षा कशी घ्यायची?

नवा बूट थेट हिमालयात नेऊ नये. कडक बुटाला पायाशी जुळायला वेळ लागतो. निदान ५०-६० किलोमीटर चाल झाली की तो कुठे टोचतो ते कळतं. आरे-वारेच्या आसपास ही तयारी चांगली होते.

पहिले काही दिवस घरात आणि रस्त्यावर तासभर घालावा. मग पाठपिशवीत पाच-सहा किलो वजन घेऊन टेकडीचा चढ-उतार करावा. पुढच्या वेळी वजन दहा-बारा किलोपर्यंत वाढवावं. चढताना टाच उचलली जाते का आणि उतरताना बोटं टेकतात का, एवढ्याच दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावं. चढताना नाडी घोट्यापाशी थोडी सैल आणि उतरताना घट्ट बांधून फरक पाहावा. वाळूत चालल्याने पिंढऱ्यांना मऊ बर्फातल्या चालीची थोडीफार सवय होते. ऊन टाळायला सकाळची वेळ बरी.

कुठेही गरम, झोंबल्यासारखं वाटलं की लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लावावी. फोड येण्याआधीची ती सूचना असते. तीच जागा प्रत्येक वेळी झोंबत असेल तर चूक पायाची नाही, बुटाची आहे.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. लाटा येणाऱ्या ओल्या खडकांवर पकड तपासायला जाऊ नये. शेवाळावर कोणताही सोल टिकत नाही, आणि आरे-वारेच्या समुद्रात बुडून लोकांचे जीव गेले आहेत. पावसाळ्यात तर पाण्यापासून दूरच राहावं. दुसरं म्हणजे सड्यावर क्रॅम्पॉन लावून चालू नये. दात बोथट होतात आणि दगडावर ओरखडे उठतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक सड्यांवर प्राचीन कातळशिल्पं आहेत. ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घेण्यात आली. जड बुटांनी त्यांच्यावरून जाणं म्हणजे ती झिजवणं. सड्यावर कोरलेल्या रेषा दिसल्या तर वळसा घालून जावं.

दमट हवेतला लपलेला शत्रू

किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवायला हवी, कारण ती विकत घेताना कोणी सांगत नाही.

बऱ्याच जड ट्रेकिंग बुटांमध्ये वरचा भाग आणि रबरी सोल यांच्या मधला थर पॉलियुरेथेन नावाच्या फेसासारख्या पदार्थाचा असतो. तो आरामदायक आणि टिकाऊ असतो, पण हवेतल्या ओलाव्याशी त्याची हळूहळू रासायनिक क्रिया होते. याला जलविघटन म्हणतात. उष्ण आणि दमट हवेत ते वेगाने होतं. काही वर्षांत हा थर आतून भुसभुशीत होतो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो. मग एके दिवशी चालता चालता अख्खा सोल निघून हातात येतो.

न वापरता कपाटात जपून ठेवलेल्या बुटालाही हे चुकत नाही. उलट, अधूनमधून वापरलेला बूट बंद पिशवीत पडून राहिलेल्या बुटापेक्षा बहुधा जास्त टिकतो. म्हणून 'दोनदाच घातलाय, अगदी नवा आहे' असं म्हणून मिळालेला सात-आठ वर्षं जुना बूट हिमालयात नेणं धोक्याचं. जुन्या प्लास्टिक कवचाच्या दुहेरी बुटांचंही तेच. वय झालेलं प्लास्टिक थंडीत अचानक तडकू शकतं.

तपासायची पद्धत: सोल आणि बूट यांच्या मधल्या थरावर अंगठ्याने जोरात दाबावं, नखाने कडेला टोकरावं. भुगा पडला, बारीक भेगा दिसल्या किंवा चिकटपणा जाणवला तर तो बूट बाद. चांगल्या प्रतीच्या काही बुटांना नवा सोल बसवून घेता येतो, पण ते काम मोहिमेच्या बरंच आधी करावं.

ठेवणीच्या बाबतीत एवढं पाळावं. किनाऱ्यावर घातलेला बूट गोड्या पाण्याने पुसून मीठ आणि वाळू काढावी, नाहीतर नाडीच्या कड्या गंजतात आणि चामडं तडकतं. आतला इनसोल काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावं. कडक उन्हात, चुलीजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. उष्णतेने चिकटवलेले जोड सुटतात. पूर्ण वाळल्यावरच, आणि प्लास्टिकच्या पिशवीत न घालता, हवा खेळेल अशा जागी ठेवावा. पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून दर काही दिवसांनी बाहेर काढून पाहावं.

विकत घ्यायचे की भाड्याने?

बी-२ आणि त्यावरचे बूट महाग असतात, आणि सह्याद्रीत किंवा कोकणात त्यांचा काही उपयोग नसतो. सपाट दगडावर चालल्याने त्यांचा सोल उगाच झिजतो. त्यामुळे आयुष्यात एकदाच बर्फाचं शिखर करायचं असेल तर भाड्याने घेणं शहाणपणाचं.

उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था अशा ठिकाणी कोर्स करणाऱ्यांना गिर्यारोहणाचं साहित्य संस्थेकडून मिळतं. त्यामुळे पहिल्या कोर्सआधी बर्फाचे महागडे बूट विकत घेण्याची घाई करू नये. कोर्स करताना पायाला काय मानवतं ते कळतं आणि नंतरची खरेदी डोळसपणे होते.

भाड्याचा बूट घेताना मधला थर, टाचेची खोबण, नाड्या, आतल्या बुटाची जाडी आणि ओल तपासावी. क्रॅम्पॉन त्याच बुटावर बसवून पाहावा. फार मोठा किंवा फार लहान पाय असणाऱ्यांनी आणि अरुंद टाचेच्या महिलांनी आधीच माप कळवावं, कारण भाड्याच्या दुकानात अशा मापांचे बूट कमी असतात. अनोळखी बूट पायात असेल तर शिखराच्या दिवसाआधी निदान एक-दोन दिवस तो घालून चालायला मिळेल असं नियोजन करावं.

थोडक्यात निवड

- कोकणचे सडे, सह्याद्री, पावसाळी ट्रेक: हलका, लवचिक, लवकर वाळणारा बी-०.
- बर्फ नसलेला हिमालयीन ट्रेक, मोरेन, जड पाठपिशवी: घोटा सांभाळणारा वॉटरप्रूफ बी-१.
- हिमनदी आणि पाच-सहा हजार मीटरची सोपी शिखरं: उबदार बी-२, सोबत सी-१ किंवा सी-२ क्रॅम्पॉन आणि गेटर.
- उभा बर्फ: बी-३.
- सहा हजार मीटरच्या वर किंवा कडक थंडी: दुहेरी बूट.

दोन प्रकारांमध्ये मन अडकलं असेल तर मोहिमेतली सगळ्यात अवघड जमीन कोणती, हे आयोजकांना विचारावं आणि त्या जमिनीसाठीचा बूट घ्यावा. बाकीच्या सोप्या वाटेसाठी पाठीवर जुने, हलके बूट बांधून नेता येतात. हिमालयात जाणारे बरेच जण तसंच करतात. पायथ्यापर्यंत साधे बूट आणि बर्फ लागला की मोठे.